एफवायबीएससी सेल बायोलॉजी: बारावीचे ३८ एटीपी कॉलेजात ३० कसे झाले?

कळव्याची_जुई · सोमवार, रात्री ९:४२

नमस्कार मंडळी. ठाण्यातल्या एका कॉलेजात एफवायला आहे. दहावीपर्यंत शहापूरजवळच्या मराठी शाळेत शिकले, आता कळव्याला मावशीकडे राहते. बारावीत बायोलॉजी माझा हातखंडा विषय होता. पाठांतर पक्कं होतं आणि मार्कही तसेच पडले. कॉलेजात मात्र तेच धडे परत आलेत आणि आकडे वेगळे आहेत.

बारावीला एका ग्लुकोजपासून ३८ एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारे रेणू) असं पाठ केलं होतं. इथे लायब्ररीतल्या जाड पुस्तकात ३० ते ३२ लिहिलंय. सीनियर मुलीच्या नोट्समध्ये ३६ आहेत. मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, "नवीन आकडा लिही." पण नवीन का, ते सांगायच्या आत तास संपला. त्यांच्यावरही सिलॅबस संपवायचा ताण असतो, मला कळतं.

दुसरं, डीएनएची कॉपी होताना एक धागा सलग बनतो आणि दुसरा तुकड्यातुकड्यांनी. आकृती मला डोळे मिटून काढता येते. पण निसर्गाला ही उठाठेव करायची गरज काय? दोन्ही धागे सरळ का नाही बनत?

तिसरं प्रॅक्टिकलचं. कांद्याच्या मुळाच्या टोकाची मायटोसिसची, म्हणजे पेशीविभाजनाची, स्लाइड केली. आमच्या अख्ख्या बॅचला जवळपास सगळ्या पेशी इंटरफेजच्याच, म्हणजे दोन विभाजनांच्या मधल्या अवस्थेतल्याच, दिसल्या. जर्नलमध्ये मात्र सगळ्यांनी चारही अवस्था पुस्तकातून काढल्या. पुढच्या आठवड्यात प्रॅक्टिकल परत आहे.

मला मार्कांपुरतं नकोय, विषय कळायला हवाय. कोणी नीट सांगेल का?

टीवायवाली_डोंबिवली · सोमवार, रात्री १०:०५

जुई, आधी मागच्या पाच वर्षांचे पेपर काढ. सेमिस्टरला वेळ कुठे असतो? एटीपीच्या प्रश्नात आकड्याबरोबर हिशेब दाखवलास तर ३० लिही की ३२, मार्क कापत नाहीत. कापतात ते नुसता आकडा लिहिणाऱ्यांचे. बाकी जाणकार सांगतीलच.

पेशीवेडा_खारघर · सोमवार, रात्री ११:३०

जुई, हा प्रश्न तू विचारलास याचा मनापासून आनंद झाला. मी खारघरला पीएचडी करतोय, मायटोकाँड्रिया, म्हणजे पेशीचं ऊर्जाघर, हा रोजचा विषय. जरा लांबण लागेल, पण वाच.

३८ हा आकडा मुळात मोजलेला नाही, तो बेरजेतून आलाय. ग्लुकोज फोडण्याच्या टप्प्यांत, ग्लायकॉलिसिसपासून क्रेब्स चक्राच्या शेवटापर्यंत, एका ग्लुकोजमागे इलेक्ट्रॉन वाहून नेणारे १० एनएडीएच आणि २ एफएडीएचटू मिळतात, शिवाय ४ एटीपी थेट बनतात. जुन्या काळी एका एनएडीएचमागे ३ आणि एफएडीएचटूमागे २ एटीपी धरत. ३० अधिक ४ अधिक ४, झाले ३८. हे ३ आणि २ पूर्ण आकडे का धरले? कारण तेव्हाच्या बहुतेक शास्त्रज्ञांना वाटायचं की इलेक्ट्रॉन साखळीतल्या ठरावीक टप्प्यांवर एखादा ऊर्जेने भरलेला मधला रेणू तयार होतो आणि तो एटीपी बनवतो. तीन टप्पे, तीन एटीपी. रसायनात अर्धा रेणू नसतो, म्हणून पूर्ण आकडा. त्या मधल्या रेणूचा शोध वर्षानुवर्षं चालला. तो सापडला नाही, कारण तो नव्हताच.

१९६१ मध्ये पीटर मिचेल यांनी वेगळंच मांडलं. इलेक्ट्रॉन साखळीतून जाताना प्रोटॉन मायटोकाँड्रियाच्या आतल्या पडद्याबाहेर ढकलले जातात. बाहेर प्रोटॉन जास्त, आत कमी. ते परत आत येताना एटीपी बनतं. म्हणजे ऊर्जा रेणूत नाही, पडद्याच्या दोन बाजूंच्या फरकात साठते. सुरुवातीला फार कमी लोकांनी हे मानलं. १९७८ मध्ये मिचेलना नोबेल मिळालं.

मला सगळ्यात आवडतो तो १९७४ चा रॅकर आणि स्टोकेनियस यांचा प्रयोग. त्यांनी स्निग्ध पदार्थांच्या पडद्याचे कृत्रिम फुगे केले. त्यात दोनच प्रथिनं बसवली. एक अतिखारट पाण्यात, आपल्या मुलुंड-भांडुपला आहेत तसल्या मिठागरांत, राहणाऱ्या सूक्ष्मजीवाचं जांभळं प्रथिन. उजेड पडला की ते प्रोटॉन ढकलतं, बाकी काही करत नाही. दुसरं, गुरांच्या हृदयाच्या मायटोकाँड्रियातलं एटीपी बनवणारं एंझाइम, एटीपी सिंथेज. दोघांची आयुष्यात कधी गाठ पडली नसती. दिवा लावला आणि एटीपी बनलं. साखळी नाही, मधला रेणू नाही, फक्त प्रोटॉनचा फरक. वाद जवळपास तिथेच मिटला.

आता हिशेब. एक एनएडीएच साखळीत इलेक्ट्रॉन देतं तेव्हा १० प्रोटॉन बाहेर जातात: साखळीतल्या पहिल्या कॉम्प्लेक्सला (प्रथिनांच्या संचाला) ४, तिसऱ्याला ४, चौथ्याला २. एफएडीएचटू पहिला कॉम्प्लेक्स टाळून येतं, म्हणून ६. एक एटीपी बनवून ते मायटोकाँड्रियाबाहेर पोचवायला साधारण ४ प्रोटॉन लागतात. १० भागिले ४ म्हणजे अडीच, ६ भागिले ४ म्हणजे दीड. १० एनएडीएचचे २५, दोन एफएडीएचटूचे ३, थेट बनलेले ४. झाले ३२.

मग ३० कुठून? ग्लायकॉलिसिसचे २ एनएडीएच मायटोकाँड्रियाच्या बाहेर, सायटोप्लाझममध्ये बनतात. ते स्वतः आत जाऊ शकत नाहीत, त्यांचे इलेक्ट्रॉन शटलमधून आत जातात. एक शटल ते एनएडीएचच्याच पातळीवर पोचवतं, दुसरं ग्लिसरॉल फॉस्फेटचं शटल एफएडीच्या पातळीवर उतरवतं. दुसऱ्या शटलमध्ये प्रत्येकी एक, म्हणजे एकूण २ एटीपी कमी. जुन्या हिशेबात ३८ चे ३६ होतात तेही याच कारणाने. तुझ्या सीनियरच्या नोट्समधला ३६ तोच.

कळव्याची_जुई · मंगळवार, सकाळी ७:१५

खूप खूप धन्यवाद दादा. लोकलमध्ये दोनदा वाचलं. म्हणजे चारही आकड्यांना आपापला हिशेब आहे! हे एवढंच कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

एक शंका. "साधारण ४ प्रोटॉन" असं का म्हणालात? हाही पूर्ण आकडा धरलेलाच नाही का?

पेशीवेडा_खारघर · मंगळवार, दुपारी १:२०

बरोबर जागी बोट ठेवलंस. एटीपी सिंथेजच्या खालच्या भागात एक चाक असतं, प्रोटॉन आत येताना ते फिरतं. एका फेरीत वरच्या भागात ३ एटीपी बनतात. चाकात जितके उपघटक तितके प्रोटॉन एका फेरीला लागतात. आणि ही संख्या सगळ्या सजीवांत सारखी नाही! यीस्टमध्ये १०, गाईगुरांच्या हृदयात ८, आणि आपल्यातही ८ च. म्हणजे आपल्याला एका एटीपीला ८ भागिले ३, सुमारे २.७ प्रोटॉन. फॉस्फेट आणि एडीपी आत आणून एटीपी बाहेर काढायला आणखी १. एकूण ३.७. यावरून एनएडीएचमागे अडीचपेक्षा थोडं जास्त, २.७ च्या आसपास येतं. शिवाय पडद्यातून काही प्रोटॉन कामाविना झिरपतात, ते वेगळंच. परीक्षेत अडीच आणि दीडच धर. पण आकड्यामागे एक यंत्र आहे आणि त्याचे भाग मोजता येतात, एवढं लक्षात असू दे.

निवृत्त_मास्तर_नौपाडा · मंगळवार, सायंकाळी ५:५०

जुई बेटा, मी वनस्पतिशास्त्र शिकवायचो. पेशीवेडा यांचं विवेचन छान. त्यात एक नाव जोडतो. इलेक्ट्रॉन साखळीत साइटोक्रोम सी येतं ना, ते वनस्पतींच्या पेशींतही असतं हे केंब्रिजला बटाट्यावर काम करून दाखवणाऱ्या कमला सोहोनी पुढे मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या संचालक झाल्या. त्यांची पीएचडी १९३९ ची. साखळीची आकृती काढताना सी अक्षरापाशी त्यांची आठवण ठेव.

आता कांदा. तुमच्या स्लाइडमध्ये दोन शक्यता आहेत, आणि त्यांतली एक मुळीच वाईट नाही.

पहिली शक्यता: चुकीची जागा. विभाजन होतं ते मुळाच्या अगदी टोकाच्या एक-दोन मिलिमीटरमध्ये. स्लाइडवर पेशी कशा दिसतात ते बघ. लांबट, विटेसारख्या आणि फिकट असतील तर तो वरचा भाग, तिथे पेशी नुसत्या लांब होतात. टोकाच्या पेशी लहान, चौकोनी, आणि केंद्रक एवढं मोठं की पेशी त्यानेच भरलेली. ऊब देऊन असिटोकार्मिनमध्ये मूळ ठेवलं की टोक गडद लाल होतं आणि बाकीचं गुलाबी राहतं. ते गडद टोक तेवढं ब्लेडने कापायचं, बाकीचं काढून टाकायचं. मुलं जीव तोडून अख्खं मूळ ठेचतात, म्हणून गर्दीत टोक हरवतं.

मुळं सकाळी कापलेली असावीत. अल्कोहोल तीन भाग आणि असेटिक आम्ल एक भाग, यात रात्रभर ठेवलेली असावीत. नंतर हायड्रोक्लोरिक आम्लात गरम केलं की पेशींना चिकटवणारा पेक्टिनचा थर सैल होतो. हे नीट झालं नाही तर कितीही दाबा, पेशी एकावर एक राहतात. कव्हरस्लिप ठेवल्यावर पेन्सिलच्या मागच्या बाजूने हलके टिचके मारायचे, सरळ वरून. मग ब्लॉटिंग पेपरच्या घडीत धरून अंगठ्याने एकदाच दाब. कव्हरस्लिप तसूभरही सरकू द्यायची नाही, सरकली की पेशी गुंडाळल्या जातात आणि स्लाइड गेली.

दुसरी शक्यता: जागा बरोबर होती आणि तरीही बहुतेक पेशी इंटरफेजमध्ये होत्या. मग तुमची स्लाइड खरं बोलत होती! पेशी आयुष्याचा बहुतेक काळ इंटरफेजमध्येच असते. टोकातल्या पेशी एका वेळी विभागत नाहीत, प्रत्येकीची वेळ वेगळी. म्हणून ज्या अवस्थेला वेळ जास्त लागतो, त्या अवस्थेतल्या पेशी जास्त दिसतात. समज २०० पेशी मोजल्या, त्यात १८० इंटरफेज आणि ४ मेटाफेज (गुणसूत्रं मधोमध रांगेत आलेली अवस्था). समज पूर्ण चक्र २० तासांचं. मग इंटरफेज १८ तास आणि मेटाफेज २४ मिनिटं. थिजलेल्या, मेलेल्या पेशींच्या एका स्लाइडवरून जिवंत पेशीचं वेळापत्रक निघालं. जर्नलमध्ये पुस्तकातली आकृती काढून झाल्यावर खाली हा तक्ता जोड. कोणताही परीक्षक थांबून बघेल.

जमलंच तर ध्रुवाकडून दिसणारा एखादा मेटाफेज शोध आणि गुणसूत्रं मोज. कांद्यात १६ असतात.

अभ्यासू_कोपरी · मंगळवार, रात्री ९:१०

सर, आदर आहे, पण स्पष्ट लिहितो. मी दोन वर्षांपूर्वी यातून गेलोय. जुईला सहा पेपर आहेत, प्रवास आहे, इंग्रजी वाचायला वेळ जास्त लागतो. शास्त्रज्ञांचे प्रयोग, कोणी कधी काय म्हटलं, यात रात्री घालवल्या तर युनिट राहतात. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना आधी उत्तरं लिहायची सवय हवी. समज मागाहून येते. माझी आली.

निवृत्त_मास्तर_नौपाडा · मंगळवार, रात्री १०:००

तुमची काळजी रास्त आहे. उत्तरं लिहायची सवय हवीच, रोज एक लिहावं. पण प्रयोग समजला की पाठ करायचं ओझं कमी होतं, वाढत नाही, असा माझा वर्गातला अनुभव आहे. वाद घालण्यापेक्षा इथेच करून बघू. जुई, पुस्तक न उघडता सोडव.

१९५८, मेसेल्सन आणि स्टाल. ई. कोलाय जिवाणू जड नायट्रोजनवर, म्हणजे नायट्रोजन १५ वर, अनेक पिढ्या वाढवले. सगळा डीएनए जड झाला. मग त्यांना साध्या नायट्रोजन १४ वर आणलं. डीएनए सीझियम क्लोराइडच्या द्रावणात प्रचंड वेगाने फिरवला की आपापल्या घनतेच्या पातळीवर पट्टा होऊन थांबतो. कॉपी कशी होते याच्या तीन कल्पना होत्या. एक, जुनी जोडी जशीच्या तशी राहते आणि नवी जोडी वेगळी बनते. दोन, प्रत्येक जोडीत एक धागा जुना, एक नवा. तीन, दोन्ही धाग्यांत जुन्या-नव्या तुकड्यांची सरमिसळ. एका पिढीनंतर पट्टे कसे दिसतील, आणि दोन पिढ्यांनंतर?

कळव्याची_जुई · मंगळवार, रात्री ११:२५

वहीवर काढून बघितलं सर.

एका पिढीनंतर: पहिली कल्पना खरी असेल तर दोन पट्टे, एक जड आणि एक हलका. दुसरी खरी असेल तर मधोमध एकच. तिसरी खरी असेल तरी मधोमध एकच. म्हणजे एका पिढीत फक्त पहिली कल्पना बाद होऊ शकते. दुसरी आणि तिसरी वेगळ्या करता येत नाहीत.

दोन पिढ्यांनंतर: दुसरीत दोन पट्टे, एक मधला आणि एक हलका, दोन्ही सारखे जाड. तिसरीत सगळे रेणू सारखेच सरमिसळ, म्हणून एकच पट्टा, पण मधल्यापेक्षा वर, हलक्याच्या बाजूला.

प्रत्यक्षात एका पिढीनंतर एक आणि दोन पिढ्यांनंतर दोन पट्टे आले, हे बारावीत वाचलं होतं. दुसरी पिढी का मोजली हे आज कळलं.

अभ्यासू_कोपरी · मंगळवार, रात्री ११:४०

जुई, हे उत्तर असंच्या असं पेपरात लिहिलंस तर पूर्ण मार्क. सरांचा मुद्दा मान्य, निदान या प्रश्नापुरता. पण वेळापत्रक कर बाई.

स्नेहल_घणसोली · बुधवार, सकाळी ११:००

माझी मुलगीही एफवायला आहे, वाशीला. पुढे संशोधनात जायचं म्हणते. आमच्या घरात या क्षेत्रातलं कोणी नाही. जवळपास काय आहे, कोणी सांगेल का?

पेशीवेडा_खारघर · बुधवार, दुपारी १:४५

ताई, तुमच्या दारातच बरंच आहे. मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, खाडीपूल ओलांडला की आलंच. बीएससीच्या मुलांसाठी त्यांचा एनआययूएस नावाचा कार्यक्रम आहे, त्यात जीवशास्त्रही आहे. पात्रता आणि तारखा त्यांच्या संकेतस्थळावर बघा. खारघरला टाटा मेमोरियलचं अ‍ॅक्ट्रेक आहे, तिथे कॅन्सरच्या पेशींवर काम चालतं. कुलाब्याला टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) ओबेद सिद्दीकी यांनी १९६२ मध्ये मॉलिक्युलर बायोलॉजीचं युनिट सुरू केलं, देशातल्या या विषयाच्या पायाभरणीत त्याचं स्थान मोठं आहे. पण पहिल्या वर्षी धावपळ नको. मुलीला कॉलेजची लायब्ररी आणि मायक्रोस्कोप मनसोक्त वापरू द्या.

बेलापूरचा_इंजिनीअर · बुधवार, रात्री ८:३०

मी या विषयातला नाही, मेकॅनिकलवाला. वाचता वाचता एक हिशेब केला, चुकला असेल तर सांगा. आपल्या एका पेशीत डीएनए सुमारे २ मीटर लांब, २ नॅनोमीटर जाड. केंद्रक ६ मायक्रोमीटरचं धरलं. सगळं दहा लाख पट मोठं केलं तर ६ मीटर व्यासाच्या गोल खोलीत २ मिलिमीटर जाडीची, २,००० किलोमीटर लांबीची सुतळी. मला वाटलं खोली गच्च भरेल. पण आकारमान काढलं तर सुतळी साधारण ६ घनमीटर आणि खोली ११३ घनमीटर. म्हणजे जेमतेम वीसावा भाग! मग अडचण जागेची नाही, गुंत्याची आहे. हा गुंता कोण सोडवतं?

आणि जुईचा दुसरा प्रश्न राहिलाच आहे. एंझाइम दोन्ही दिशांनी का चालत नाही? यंत्राला रिव्हर्स गिअर बसवणं एवढं अवघड असतं का?

पेशीवेडा_खारघर · बुधवार, रात्री ११:५०

हिशेब बरोबर आहे, साहेब. गुंत्यासाठी टोपोआयसोमरेज नावाची एंझाइम असतात. ती धागा चक्क कापतात, दुसरा धागा त्या फटीतून पलीकडे नेतात आणि कापलेलं परत जोडतात. कॅन्सरची काही औषधं नेमकी याच एंझाइमना कापलेल्या स्थितीत अडकवून ठेवतात. इटोपोसाइड हे त्यातलं एक.

आता दिशा. जुई, वहीत एक न्यूक्लिओटाइड काढ. साखरेच्या पाचव्या कार्बनला फॉस्फेट, तिसऱ्याला ओएच. नवा न्यूक्लिओटाइड येतो तो पाचव्या कार्बनवर तीन फॉस्फेट घेऊन येतो. बनत असलेल्या धाग्याच्या टोकाला तिसऱ्या कार्बनचा ओएच मोकळा असतो. जोडणी होताना नव्याचे दोन फॉस्फेट सुटतात आणि त्यातून जोडणीची ऊर्जा मिळते. म्हणजे येणारा आपली ऊर्जा स्वतः घेऊन येतो. म्हणून धागा ५-प्राइमकडून ३-प्राइमकडे वाढतो.

समज उलट्या दिशेने वाढवायचा आहे. मग मोकळं टोक पाचव्या कार्बनचं, आणि तीन फॉस्फेट येणाऱ्याऐवजी धाग्याच्या टोकाला बसलेले. एरवी ठीक आहे. पण पॉलिमरेज अधूनमधून चुकीचं अक्षर बसवतं, साधारण लाखात एक. बसवल्यावर ते मागे येऊन चुकलेलं अक्षर काढून टाकतं. आपल्या नेहमीच्या दिशेत अक्षर काढलं की टोकाला ओएच परत मोकळा होतो, पुढचा न्यूक्लिओटाइड आपली ऊर्जा घेऊन येतो, काम चालू. उलट्या दिशेत मात्र चुकलेल्या अक्षराबरोबर टोकावरचे तीन फॉस्फेटही गेलेले असतात. टोक रिकामं, ऊर्जा नाही, साखळी तिथेच अडली. म्हणजे एकाच दिशेने चालण्याचं सगळ्यात पटणारं स्पष्टीकरण हे, की त्यामुळे चूक सुधारता येते.

दोन्ही धागे एकमेकांना उलटे. ते एकमेकांपासून सुटतात तिथला फाटा उघडत जातो एकाच बाजूला. त्यामुळे एका धाग्यावर पॉलिमरेज फाट्यामागोमाग सलग जातं, दुसऱ्यावर उलट तोंड करून तुकडे बनवावे लागतात. हे तुकडे रेजी आणि त्सुनेको ओकाझाकी या जपानच्या नागोयातल्या जोडप्याने शोधले, त्यांचा निबंध १९६८ चा. त्यांनी जिवाणूंना काही सेकंदच किरणोत्सारी थायमिडीन दिलं. लगेच बघितलं तर किरणोत्सार आखूड तुकड्यांत, थोडं थांबून बघितलं तर लांब धाग्यांत. जोडणारं लायगेज बिघडलेलं असेल तेव्हा आखूड तुकडे साचत राहिले. रेजी हिरोशिमाचे, मुलगा असताना बॉम्बच्या किरणोत्साराच्या तडाख्यात सापडलेले. १९७५ मध्ये ल्युकेमियाने गेले. त्सुनेको यांनी काम पुढे नेलं आणि प्रत्येक तुकड्याची सुरुवात आरएनएच्या छोट्या प्रायमरने होते हे पक्कं केलं. वर्गात नुसतं "ओकाझाकी फ्रॅगमेंट" म्हणून पुढे जातात, याची मला हळहळ वाटते.

ऐरोलीकर_खाडीवाला · गुरुवार, सकाळी ६:४०

मायक्रोस्कोप नसेल तरी एक गोष्ट बघता येते, म्हणून लिहितो. ऐरोलीच्या खाडीकिनारी, बायोडायव्हर्सिटी सेंटरच्या बाजूला तिवरांची दाटी आहे. कोरड्या दिवशी तिवराच्या पानाकडे तिरप्या उजेडात बघा, मिठाचे बारीक कण चमकतात. बोट फिरवून जिभेला लावलं तर खारट लागतं. पानावर मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी असतात. मीठ आपोआप झिरपत नाही, ग्रंथीच्या पेशी एटीपी खर्चून बाहेर ढकलतात. वर प्रोटॉनचं एवढं वाचलं म्हणून सांगतो, वनस्पतीच्या पेशीच्या बाहेरच्या पडद्यावरही एटीपीवर चालणारा प्रोटॉनचाच पंप असतो आणि बाकीची ने-आण त्या फरकावर चालते.

प्राण्यांत ते काम सोडियम-पोटॅशियम पंप करतो. एका एटीपीत ३ सोडियम बाहेर, २ पोटॅशियम आत. डेन्मार्कच्या येन्स स्को यांनी तो १९५७ मध्ये शोधला तो खेकड्याच्या मज्जातंतूंवर. आमच्याकडे चिंबोरी रोज बघतो, त्यामुळे हे वाचलं तेव्हापासून विसरलो नाही. नोबेल मिळालं १९९७ ला, त्याच वर्षी एटीपी सिंथेजवाल्या बॉयर आणि वॉकर यांच्याबरोबर.

कळव्याची_जुई · पुढचा बुधवार, रात्री ८:०५

प्रॅक्टिकल झालं. सरांनी सांगितल्याप्रमाणे फक्त गडद टोक घेतलं. सुरुवातीला काहीच वेगळं वाटेना. मग ४५ एक्सवर एका कोपऱ्यात चौकोनी पेशींचा पुंजका सापडला. प्रोफेजमधली केंद्रकं लोकरीच्या गुंड्यासारखी काढतात पुस्तकात, पण खरी बघितली तर धागे वेगवेगळे दिसतात, जाडीही जाणवते. एक अ‍ॅनाफेज इतका स्वच्छ होता की दोन्ही बाजूंना ओढली जाणारी गुणसूत्रं मधे वाकलेली आणि टोकं मागे राहिलेली दिसत होती. मॅडमनी सगळ्या बॅचला बोलावून दाखवला. गुणसूत्रं मोजायला मात्र जमली नाहीत, एकमेकांवर होती. तक्ता जर्नलमध्ये जोडलाय.

बेलापूरचा_इंजिनीअर · बुधवार, रात्री ९:३०

अभिनंदन! मला मात्र एका हिशेबाने झोप नाही. ई. कोलायचा डीएनए ४६ लाख जोड्यांचा. कॉपी करणारं यंत्र सेकंदाला साधारण १,००० अक्षरं जोडतं असं वाचलं. एका जागी सुरू होऊन दोन्ही बाजूंना दोन फाटे जातात, म्हणजे प्रत्येकाला २३ लाख. २,३०० सेकंद, सुमारे ३८ मिनिटं. पण चांगलं अन्न मिळालं तर हा जिवाणू २० मिनिटांत दुप्पट होतो. ३८ मिनिटांचं काम २० मिनिटांत कसं?

कळव्याची_जुई · बुधवार, रात्री १०:५५

हा मी सोडवते, कोणी सांगू नका असं म्हणणार होते, पण कोणी सांगितलंच नव्हतं अजून. :)

काका, वेग वाढत नसेल तर सुरुवात आधी व्हायला हवी. पहिली कॉपी पूर्ण व्हायची वाट न बघता सुरुवातीच्या जागेवर दुसरी कॉपी सुरू होत असणार. त्या जागा एव्हाना दोन झालेल्या असतात, म्हणून दोन्हीकडे. मग प्रत्येक कॉपीला ३८ मिनिटंच लागतील, पण दर २० मिनिटांनी एक पूर्ण होईल. म्हणजे नवीन पेशी जन्मते तेव्हा तिच्यात पुढच्या विभाजनाची कॉपी आधीच अर्धवट झालेली असणार. बरोबर आहे का दादा?

पेशीवेडा_खारघर · बुधवार, रात्री ११:१०

अगदी बरोबर. कूपर आणि हेल्मस्टेटर यांनी १९६८ मध्ये हेच मांडलं. आता यातून पुढचा प्रश्न निघतो: वेगाने वाढणाऱ्या पेशीत सुरुवातीच्या जागेजवळच्या जीन्सच्या प्रती शेवटच्या जागेजवळच्या जीन्सपेक्षा जास्त असणार की कमी?

कळव्याची_जुई · बुधवार, रात्री ११:२२

जास्त. सुरुवातीजवळचा भाग आधी दुप्पट होतो आणि परत परत होतो.

निवृत्त_मास्तर_नौपाडा · गुरुवार, सकाळी ६:१५

बरोबर. आणि ई. कोलायमध्ये रायबोसोमच्या आरएनएचे बहुतेक जीन्स नेमके त्या सुरुवातीच्या बाजूला आहेत. वेगाने वाढायचं तर रायबोसोम भरपूर लागतात. ट्रान्सलेशनचं, म्हणजे आरएनएवरून प्रथिन बनण्याचं, युनिट सुरू झालं की याच धाग्यावर ये, नवीन काढू नकोस. तिथे आपण नीरेनबर्ग आणि खोराना यांचं काम घेऊ. तोवर एवढं सोडवून ठेव: खोरानांनी यूसीयूसीयूसी असा सलग आरएनए बनवला, त्यातून सेरिन आणि ल्युसिन एकाआड एक आलेली साखळी मिळाली. कोडॉन, म्हणजे एका अमिनो आम्लासाठीचा अक्षरांचा गट, दोन अक्षरांचा असता तर काय मिळालं असतं?

कळव्याची_जुई · गुरुवार, सकाळी ७:२०

दोन अक्षरांचा असता तर नुसते यूसी यूसी किंवा सीयू सीयू, म्हणून साखळीत एकच अमिनो आम्ल. चार अक्षरांचा असता तरी तसंच. एकाआड एक यायला विषम संख्याच हवी. पण सर, मग यावरून तीनच की पाच, हे कसं ठरवलं?